गाडी उभी, माणूस प्यायलेला: ही ‘ड्रंक अँड ड्राइव्ह’ची केस होते का?

प्यायल्यावर गाडी चालवायची नाही, हे ज्यांना पटलंय तीच माणसं हा प्रश्न जास्त विचारतात. चालवायची नाही म्हणून ती गाडीतच बसून राहतात, डोळा लागतो, आणि मग काचेवर टकटक होते. अशा वेळी कायदा नेमका कुठे उभा असतो, हे पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांतून इथे मांडलं आहे. सगळी उत्तरं भारतातल्या कायद्याची आहेत, राज्याचा कायदा आला तिथे महाराष्ट्राची. परदेशाबद्दलचा एक प्रश्न शेवटाकडे आहे.

१. उभ्या गाडीत दारू पिऊन नुसतं बसलं तर ड्रंक अँड ड्राइव्हची केस होते का?

नुसतं बसण्यानं होत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम १८५ दोनच गोष्टींना लागू होतं: गाडी चालवणं आणि गाडी चालवण्याचा प्रयत्न करणं. ‘गाडीत बसणं’ किंवा ‘गाडीत झोपणं’ असे शब्द त्या कलमात नाहीत.

पण प्रत्यक्षात सगळी ओढाताण ‘प्रयत्न’ या शब्दाभोवती होते. तुम्ही बसला होतात की निघाला होतात, हे तुमच्या मनातून नाही, तर चावी, इंजिन, सीट आणि गाडीची जागा यांवरून ठरवलं जातं. म्हणून प्रश्न ४ चं उत्तर नीट वाचा.

२. किती प्यायलं की कायद्यानं ‘प्यायलेला’ धरतात?

१०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल. खासगी गाडीवाला असो की ट्रकचालक, मर्यादा एकच.

ही मर्यादा लोकांना वाटते त्यापेक्षा खूप खाली आहे. ढोबळ हिशेबानं ७० किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात ६० मिलिलिटरच्या एका लार्ज पेगनं पातळी ४० च्या आसपास जाऊ शकते. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्यानं तेवढ्याच पेगनं ती आणखी वर जाते. ‘एकच घेतलाय, मला काही चढलेली नाही’ या वाक्याचा त्यामुळे काहीच उपयोग नाही. दारूच्या बाबतीत चढली की नाही हे कलम विचारतच नाही, फक्त आकडा विचारतं. इतर अमली पदार्थांच्या बाबतीत उलट आहे. तिथे आकडा नाही, गाडीवर नीट ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल होता हे दाखवावं लागतं.

३. गाडी माझी, चावी माझ्याकडे, म्हणजे गाडी माझ्या ताब्यात. तेवढं पुरत नाही का?

कलम १८५ साठी नाही. याचं कारण त्याच कायद्यात सापडतं.

कलम १२२ म्हणतं की ज्याच्या ताब्यात गाडी आहे त्यानं ती सार्वजनिक जागी इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशी सोडू नये. कलम १२६ गाडी चालवणारा आणि गाडी ताब्यात असणारा असे दोघांचे वेगळे उल्लेख करून सांगतं की चालकाच्या जागी लायसन्सधारक माणूस नसेल, तर यंत्र बंद करून ब्रेक लावल्याशिवाय गाडी उभी ठेवू नये. म्हणजे ‘चालवणं’ आणि ‘ताब्यात असणं’ यातला फरक कायदा लिहिणाऱ्यांना चांगला ठाऊक होता. तरीही १८५ मध्ये त्यांनी ‘ताब्यात असणं’ घातलं नाही. माझ्या मते हा या विषयातला सगळ्यात भक्कम मुद्दा आहे, आणि अशी केस लढवणाऱ्यानं तो पहिल्याच तारखेला मांडायला हवा.

४. ‘चालवण्याचा प्रयत्न’ म्हणजे नेमकं काय? सीटवर बसलो की प्रयत्न झाला का?

फौजदारी कायद्यात गुन्ह्याच्या वाटेवर टप्पे मानतात: मनात येणं, तयारी करणं, प्रयत्न करणं आणि गुन्हा पूर्ण होणं. मनात येण्याला शिक्षा नाही. तयारीलाही सहसा नाही. प्रयत्नाला आहे. म्हणून तयारी कुठे संपली आणि प्रयत्न कुठे सुरू झाला, यावर सगळं ठरतं.

या रेषेबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा १९८० चा एक निकाल नेहमी वाचला जातो, तोही महाराष्ट्रातलाच. वसईजवळच्या खाडीकाठी रात्री वाहनातून चांदी उतरवली जात होती, खाडीतून यांत्रिक बोटीच्या इंजिनाचा आवाज आला आणि अधिकाऱ्यांनी धाड घातली. चांदी अजून बोटीत चढली नव्हती. न्यायालयानं तरीही हा तस्करीचा प्रयत्न मानला. गुन्ह्याआधीची अगदी शेवटची कृती झालेली असायलाच हवी असं नाही. हेतू स्पष्ट दाखवणारी आणि गुन्ह्याच्या पुरेशी जवळ आलेली कृती पुरते, असा त्याचा आशय.

हेच गाडीला लावून बघा. चालकाच्या सीटवर पाठ टेकवून झोपलेला माणूस, इंजिन बंद, चावी खिशात: इथे प्रयत्न नाही. त्याच सीटवर इंजिन चालू, हेडलाइट लागलेले, पट्टा लावलेला, गिअर टाकलेला: गाडी इंचभरही हलली नसली तरी हा प्रयत्न आहे. या दोन टोकांच्या मधे जे येतं त्यावर वाद होतो, आणि तिथे प्रत्येक लहान तपशिलाला वजन येतं. पार्किंगमधून बाहेर पडण्यासाठी आरसे नीट केले, मॅपवर घरचा पत्ता टाकला, पार्किंगवाल्याला पैसे देऊन पावती घेतली, हे सगळं ‘निघालेच होते’ या बाजूला जातं. सीट मागे पाडलेली, बूट काढलेले, अंगावर चादर, हे दुसऱ्या बाजूला.

५. उकडत होतं म्हणून फक्त एसीसाठी इंजिन चालू ठेवलं. तरी केस होईल?

होऊ शकते, आणि सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात. इंजिन चालू करणं हा गाडी चालवण्याआधीचा टप्पा आहे. पोलिसाला बाहेरून एसी दिसत नाही. त्याला चालू गाडी आणि स्टिअरिंगमागे प्यायलेला माणूस दिसतो. एसीचा खुलासा खरा असला तरी तो तुम्हाला नंतर कोर्टात द्यावा लागतो. इंजिन चालू असताना तुम्ही बाजूच्या किंवा मागच्या सीटवर असाल तर खुलासा पटण्याजोगा होतो. स्टिअरिंगमागे असाल तर अवघड.

कायद्याहून मोठा धोका वेगळाच आहे. बेसमेंटमध्ये, गॅरेजमध्ये किंवा एक्झॉस्ट गळका असलेल्या गाडीत इंजिन चालू ठेवून काचा बंद करून झोपलं तर कार्बन मोनॉक्साइड आत साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. दारूच्या गुंगीतल्या माणसाला डोकं दुखून जागही येत नाही. केस टळते की नाही हे राहू द्या, बंद जागेत इंजिन चालू ठेवून झोपू नका.

६. चावी कुठे ठेवली म्हणजे सुरक्षित?

इग्निशनपासून जितकी दूर तितकी बरी. न प्यायलेल्या माणसाकडे दिलीत तर उत्तम. तेवढं जमलं नाही तर डिकीत किंवा मागच्या बॅगेत टाका. बटणावर सुरू होणाऱ्या गाड्यांत चावी खिशात असली तरी ती इग्निशनमध्ये असल्यासारखीच आहे, कारण ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं की गाडी सुरू होते. चावी जवळ असणं हा काही गुन्हा नाही. पण ती दूर असणं हा तुमच्या बाजूचा साधा, डोळ्यांना दिसणारा पुरावा असतो.

७. मागच्या सीटवर झोपलो होतो, तरी उठवून फुंकायला लावलं. हे बरोबर आहे का?

फुंकायला लावण्याचा अधिकार कलम २०३ मधून येतो. गणवेशातला पोलिस अधिकारी किंवा मोटार वाहन विभागाचा अधिकारी सार्वजनिक जागी गाडी चालवणाऱ्याला किंवा चालवण्याचा प्रयत्न करणाऱ्याला, वाजवी संशय असेल तर, फुंकायला सांगू शकतो. अपघात झाला असेल तर त्या वेळी गाडी चालवणाऱ्यालाही सांगू शकतो. इंजिन बंद असलेल्या गाडीत मागे झोपलेला माणूस यातल्या कशातच बसत नाही, जर त्यानं थोड्या वेळापूर्वी गाडी चालवत आणली असं मानायला काही कारण नसेल तर (प्रश्न ९).

पण हा मुद्दा रस्त्यावर हुज्जत घालून जिंकायचा नसतो. धक्काबुक्की झाली तर भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ लागू शकतं. सरकारी नोकराला कर्तव्यापासून रोखण्यासाठी बळ वापरल्याचा तो गुन्हा आहे, आणि तो अजामीनपात्र आहे. कलम १८५ चा गुन्हा मात्र जामीनपात्र आहे. छोट्या केसमधून मोठ्या केसमध्ये उडी मारू नका.

८. मग फुंकायला नकार दिला तर?

नकारानं सुटका होत नाही. प्यायल्याचा संशय असेल तर पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, आणि पुढे ठाण्यात डॉक्टरकडून रक्ताचा नमुना घ्यायला लावू शकतात. कलम २०५ नुसार सबळ कारणाशिवाय दिलेला नकार कोर्टात तुमच्या विरुद्ध धरला जाऊ शकतो.

माझा सल्ला फुंकण्याचाच आहे. आकडा ३० च्या वर आला म्हणून गुन्हा सिद्ध होत नाही, गाडी चालवली किंवा चालवायला निघालात हे त्यांना वेगळं सिद्ध करावंच लागतं. फक्त दोन गोष्टी सांभाळा. शेवटचा घोट नुकताच घेतला असेल तर तोंडातल्या दारूमुळे आकडा फुगतो, पंधरा मिनिटांत तो परिणाम ओसरतो, म्हणून थोडं थांबून पुन्हा चाचणी घ्या अशी विनंती करा. आणि यंत्राचा निकाल चुकीचा वाटत असेल तर रक्ततपासणीचा आग्रह धरा.

अटक झाली तर दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडावं लागतं, असं कलम २०२ मध्ये आहे. स्त्रीच्या रक्ताचा नमुना पुरुष डॉक्टर घेत असेल तर तिथे दुसरी स्त्री हजर असलीच पाहिजे.

९. हायवेच्या कडेला गाडी उभी करून झोपलो. पोलिस म्हणतात, ‘इथपर्यंत आलास कसा?’

प्रश्न रास्त आहे. आधी चालवल्याबद्दलही केस होते, गाडी चालत असताना पकडलं पाहिजे असं नाही. ओसाड रस्ता, कोमट बॉनेट, गाडीत एकटा माणूस, टोलनाक्याच्या कॅमेऱ्यातली वेळ, या सगळ्यांची साखळी जुळली तर न्यायाधीश ‘हाच चालवत आला’ या निष्कर्षाला येऊ शकतात.

गाडी रस्त्याच्या मधोमध किंवा वळणावर असेल तर प्रश्न ३ मधलं कलम १२२ वेगळं लागतं. मागून ट्रक येऊन धडकण्याची भीती तर आहेच.

१०. पण मी गाडी लावल्यानंतर प्यायलो. चालवताना कोरा होतो.

तसं असेल तर १८५ लागत नाही, कारण अल्कोहोल चालवताना रक्तात असायला हवं. मात्र हे सांगणारे पुष्कळ असतात आणि पुराव्यानं दाखवणारे थोडे. दुकानाच्या बिलावरची वेळ, ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद, जागेवरचं सीसीटीव्ही, सोबतचा माणूस, यांतलं जे असेल ते पहिल्याच दिवशी जपून ठेवा. सीसीटीव्हीचं चित्रण फार दिवस राहत नाही, त्यामुळे लेखी मागणी लगेच करा.

११. घाबरून ‘हो साहेब, मीच चालवत आलो’ असं बोलून गेलो. आता संपलं का?

नाही. पोलिस अधिकाऱ्यासमोर दिलेली गुन्ह्याची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या, म्हणजे २०२३ च्या नव्या कायद्याच्या कलम २३ मध्ये ते आहे, आणि जुन्या कायद्यातही होतं. न्यायाधीशासमोर दिलेली कबुली मात्र पूर्ण वेगळी, ती प्रश्न १६ मध्ये.

१२. सोसायटीच्या आवारात, स्वतःच्या पार्किंगमध्ये बसलो असेन तर?

फुंकायला लावण्याचा अधिकार ‘सार्वजनिक जागे’पुरता आहे, आणि सार्वजनिक जागा म्हणजे जिथे लोकांना जाण्याचा हक्क आहे ती. गेटवर वॉचमन असलेलं सोसायटीचं आवार त्यात सहज बसत नाही. मॉलचं किंवा हॉटेलचं पार्किंग मात्र बसवलं जाऊ शकतं.

पण कलम १८५ मध्ये ‘सार्वजनिक जागा’ हे शब्दच नाहीत. त्यामुळे आवारातच गाडी काढताना कुणाला धडक बसली तर ‘जागा खासगी होती’ हा बचाव पुरणार नाही. इजा किंवा मृत्यू झाला तर न्याय संहितेची कलमं तर जागा खासगी की सार्वजनिक हे बघतच नाहीत.

१३. १८५ नाही, तर दुसरं काही लावू शकतात का?

हो. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ चं कलम ८५ सार्वजनिक जागी नशेत तोल सुटलेल्या किंवा दंगा करणाऱ्याला लागतं. न्याय संहितेचं कलम ३५५ नशेत सार्वजनिक जागी लोकांना त्रास होईल असं वागणाऱ्याला लागतं. त्यात २४ तासांपर्यंत साधी कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे.

‘माझ्या गाडीत मी काहीही करेन’ या समजुतीवरही विसंबू नका. रस्त्यावरची खासगी गाडीसुद्धा सार्वजनिक जागेत मोडू शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये बिहारच्या दारूबंदी कायद्याखालच्या एका प्रकरणात म्हटलं आहे. उभ्या गाडीत शांत झोपलेल्याला सहसा कुणी हात लावत नाही. गाणी मोठ्यानं लावून, काच खाली करून पिणाऱ्यांना लावतात.

१४. मित्र प्यायला होता, त्यानं चावी मागितली, मी दिली. मी फक्त बाजूला बसलो होतो.

तो चालवायला निघाला तर तुम्हीही अडकू शकता. कलम १८८ नुसार १८५ च्या गुन्ह्याला साहाय्य किंवा चिथावणी देणाऱ्याला मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा आहे. नुसतं बाजूला बसणं म्हणजे साहाय्य नव्हे, पण तो प्यायलाय हे ठाऊक असताना चावी हातात देणं हे साहाय्याच्या फार जवळ जातं.

१५. बाइक ढकलत नेली, किंवा बंद गाडी दोरीनं ओढून नेताना स्टिअरिंग धरलं, तर?

बंद बाइक उतरून हातानं ढकलणं म्हणजे चालवणं नव्हे. बाइकवर बसून उतारावरून सोडणं मात्र इंजिन बंद असलं तरी चालवण्यात धरलं जाईल, कारण दिशा आणि ब्रेक तुमच्या हातात आहेत. बसून किक मारताना सापडलात तर प्रयत्न उघडच आहे.

ओढल्या जाणाऱ्या गाडीचं उत्तर बहुतेकांना धक्का देतं. कायद्यातल्या ‘चालक’ या शब्दाच्या व्याख्येत अशा गाडीचं स्टिअरिंग धरणारा माणूसही येतो. त्यामुळे प्यायलेल्या माणसाला ‘तू नुसतं स्टिअरिंग धर’ म्हणून बसवू नका.

१६. शिक्षा किती? आणि ‘गुन्हा कबूल करून दंड भरून मोकळा हो’ असं सगळे सांगतात, ते करू का?

१ सप्टेंबर २०१९ पासून पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये, किंवा दोन्ही. हेल्मेटच्या चलनासारखा हा गुन्हा जागेवर तडजोड शुल्क भरून मिटत नाही, कोर्टात जावंच लागतं. लायसन्स जप्त होऊन निलंबनासाठी परिवहन कार्यालयाकडे जातं.

खरंच चालवली असेल आणि पुरावा सरळ असेल तर कबुली हा एक मार्ग आहे. पण तुम्ही फक्त उभ्या गाडीत बसला होतात आणि तरी केस झाली असेल, तर एका सकाळची गैरसोय वाचवण्यासाठी कबूल करू नका. न्यायाधीशासमोरची कबुली म्हणजे दोषसिद्धी, आणि ती ‘पहिला गुन्हा’ म्हणून नोंदली जाते. पुढे कधी पुन्हा केस झाली तर तुम्ही दुसऱ्या वेळच्या शिक्षेच्या रांगेत असता. आधी वकिलाला प्रश्न ३ आणि ४ मधले मुद्दे दाखवा.

१७. मी गाडीत झोपलो असताना दुसऱ्यानं येऊन ठोकलं. विमा मिळेल का?

तुम्ही चालवत नव्हता, त्यामुळे ‘नशेत चालवणं’ हे कारण विमा कंपनीला सहज पुढे करता येणार नाही. पण गाडीची जागा आणि ती कशी उभी होती हे लगेच फोटोंत टिपून ठेवा. रक्ततपासणी झाली नाही म्हणून कंपनी हरेल असंही समजू नका. चालक नशेत होता हे इतर परिस्थितीवरूनही दाखवता येतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये म्हटलं आहे.

१८. किती तास झोपल्यावर चालवता येईल?

शरीर १०० मिलिलिटर रक्तामागे ताशी साधारण १५ मिलिग्रॅम या वेगानं अल्कोहोल कमी करतं. मध्यरात्री पातळी १५० असेल तर ती ३० वर यायला आठ तास लागतात, म्हणजे सकाळी आठ वाजतात. पहाटे पाचला ‘आता उतरली’ असं वाटणारा माणूस तेव्हाही ७५ वर असतो. कॉफी, लिंबू, गार पाणी, उलटी, यांपैकी कशानंही हा वेग वाढत नाही.

१९. मुलगा परदेशात शिकतो. तिथेही हाच नियम आहे का?

नाही, आणि हे त्याला जरूर सांगा. ब्रिटनमध्ये मर्यादेपेक्षा जास्त पिऊन गाडी नुसती ‘ताब्यात असणं’ हाच स्वतंत्र गुन्हा आहे. चालवण्याची शक्यताच नव्हती हे आरोपीला दाखवावं लागतं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत गाडीवर ‘प्रत्यक्ष ताबा’ असणं पुरतं, आणि चालकाच्या सीटवर चावीसह झोपलेल्यांना तिथे शिक्षा झालेल्या आहेत. कॅनडातही गाडी ताब्यात असणं चालवण्यात धरतात, आणि चालकाच्या जागी सापडलेल्याला आपला हेतू चालवण्याचा नव्हता हे सिद्ध करावं लागतं. तिथे गाडीत झोपण्यापेक्षा गाडी सोडून घरी जाणं बरं.

२०. आत्ता रात्रीचे दोन वाजलेत. मी प्यायलोय आणि गाडीत बसलोय. काय करू?

घरच्या कुणाला किंवा मित्राला फोन करा, रिक्षा किंवा कॅब बोलवा. त्यांना उठवायचा संकोच वाटेल, तरी करा. कुणीच मिळालं नाही तर गाडीत थांबा, पण असे: स्टिअरिंगमागून उठा आणि मागच्या सीटवर जा. इंजिन बंद, हँडब्रेक वर, चावी डिकीत. दारं लॉक करा, काच बोटभर उघडी ठेवा. उताणे झोपू नका, कुशीवर झोपा, कारण झोपेत उलटी झाली तर श्वास कोंडतो. तुम्ही कुठे आहात हे एका माणसाला मेसेज करून ठेवा. गाडी धोक्याच्या जागी उभी असेल तर ती ‘जरा पुढे घेतो’ म्हणून हलवू नका. हॅझर्ड लाइट लावा, ते इंजिन बंद असतानाही लागतात. मग उतरून रस्त्यापासून दूर थांबा आणि ११२ ला फोन करा.